मेंदूचा सौम्य झटका आणि मानेच्या धमनीचं ऑपरेशन: घरी आल्यानंतर काय काय करायचं

संक्रांतीच्या दिवशी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गच्चीवर नातवाची चक्री धरून उभा होतो. पतंग बघता बघता डाव्या डोळ्यासमोर वरून काळा पडदा उतरला, दुकानाचं शटर ओढावं तसा. तीन-चार मिनिटांनी तो आपोआप वर गेला. ऊन लागलं असेल, असं म्हणून मी तिळगूळ खाऊन मोकळा झालो. महिनाभराने, फेब्रुवारीत, सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला आणि सून म्हणाली, "बाबा, तुम्ही काय बोलून राहिले? काही समजूनच नाही राहिलं."

आधी डावा डोळा, मग उजवा हात. या दोन्हींचं मूळ एकच होतं, हे मला दवाखान्यात कळलं. मानेच्या डाव्या बाजूची कॅरोटिड धमनी डाव्या डोळ्याला रक्त पुरवते आणि मेंदूच्या डाव्या भागालाही. तो भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेकांची वाचाही तिथेच असते. धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा थर साचतो, त्याचा कण किंवा त्यावर धरलेली गुठळी सुटून वर जाते आणि कुठल्या फांदीत अडकेल त्याप्रमाणे लक्षण दिसतं. माझी धमनी 80 टक्के बंद होती. संक्रांतीचा तो पडदा म्हणजे पहिली सूचना होती. मी ती वाया घालवली.

हात संध्याकाळपर्यंत बराच हलायला लागला. आणि तिथूनच "माइल्ड होता ना, मग झालं तर" हे वाक्य सुरू झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण ते म्हणायचा. सौम्य असतो तो झालेला झटका. पुढचा सौम्यच असेल याची हमी कोणी देत नाही, आणि मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो. म्हणूनच धमनी 70 टक्क्यांच्या वर अरुंद असेल आणि माणूस ऑपरेशन झेपण्यासारखा असेल, तर ते शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करतात. माझं नवव्या दिवशी झालं. धमनी उघडून आतला थर खरवडून काढतात, त्याला एंडआर्टरेक्टॉमी म्हणतात. काहींना त्याऐवजी स्टेंट घालतात. ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

मीही डॉक्टर नाही, वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस आहे. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं धरा.

दवाखान्यातून निघण्याआधी

माझ्या ऑपरेशनला पूर्ण भूल नव्हती, नुसती मान बधिर केली होती. उजव्या हातात लहान मुलांचं, दाबलं की चूं करणारं रबरी खेळणं दिलं होतं. मधूनमधून आवाज यायचा, "काका, दाबा." मी दाबायचो. धमनी चिमट्याने बंद ठेवलेली असताना मेंदूला रक्त पुरतंय की नाही, हे त्या चूंवरून कळत होतं. पूर्ण भूल देऊनही हे ऑपरेशन करतात, तेव्हा घाबरू नका.

निघायच्या दिवशी घरचे सामान आवरण्याच्या घाईत असतात. त्या गडबडीत तीन गोष्टी मात्र मागून घ्याच. एक, अँजिओग्राफीची सीडी आणि सगळे रिपोर्ट. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते लागतात. दोन, बीपी किती झालं की फोन करायचा तो आकडा, कागदावर लिहून. तीन, रात्री दोन वाजता उचलला जाईल असा फोन नंबर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, भेटून फॉलोअपमधलं काय योजनेत बसतं तेही विचारून ठेवा.

पहिले दहा दिवस: मान

चीर कानाच्या खालून गळ्याकडे उतरते, साधारण चार बोटं लांब. टाके किंवा पिना असतील तर त्या सात ते दहा दिवसांनी काढतात. तोवर उशाला दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपायचं म्हणजे सूज कमी राहते. डॉक्टर हो म्हणाले की आंघोळीचं साधं पाणी वरून जाऊ द्यायचं आणि स्वच्छ फडक्याने टिपायचं, चोळायचं नाही. हळद, खोबरेल तेल, पावडर, शेजारच्या आजींनी आणलेला लेप, यातलं काहीच नाही. आमच्याकडे हळदीवरून एक छोटं महाभारत झालं. शेवटी माझ्या आईला सांगितलं की हळद पोटातून घेतो, दुधातून. तिचं समाधान झालं.

कानाची पाळी आणि जबड्याची कड बधिर वाटते, कारण चिरेजवळून जाणारी त्वचेची नस दुखावते. काही महिन्यांत ती हळूहळू जागी होते. तोवर दाढी जपून करा. मी पहिल्याच दिवशी साध्या रेझरने दाढी केली, कापलं ते कळलंच नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे ते पंधरा मिनिटं थांबेना. त्याच दिवशी इलेक्ट्रिक ट्रिमर मागवला. आवाज घोगरा होणं, ओठाचा एक कोपरा किंचित खाली राहणं, जीभ बाहेर काढली की एका बाजूला जाणं, हेही नसा ताणल्यामुळे होऊ शकतं आणि बहुतेकांचं सुधारतं. मात्र ते घरी आल्यावर नव्याने सुरू झालं तर दुसरा झटका समजूनच धावायचं.

आणि सलून. आपल्याकडे कटिंग झाली की न्हावी दोन चापट्या मारतो आणि मान कटकन मोडतो. ते आता कायमचं बंद. झटकन पिळल्याने मानेतल्या धमनीचा आतला पापुद्रा फाटू शकतो, धडधाकट माणसाचासुद्धा. मी खुर्चीत बसायच्या आधीच सांगतो, "भाऊ, मानेला हात नाही लावायचा."

गाडी महिनाभर तरी हातात घ्यायची नाही, पुढचंही डॉक्टर ठरवतील. हेल्मेटचा पट्टा नेमका चिरेवर बसतो, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे मागे बसूनही जाऊ नये. हेल्मेट न घालता मागे बसणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ऑटो करा. चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची बादली, सिलिंडर आणि नातू, तिन्ही बाद. मार्चचं ऊन चिरेवर पडलं की व्रण काळा पडतो, त्यामुळे बाहेर जाताना सुती दुपट्टा सैल गुंडाळायचा. उन्हाळ्यात सगळं नागपूर तेच करतं, आपण काही वेगळे दिसत नाही.

बीपी

या ऑपरेशननंतर बीपीचं मशीन हे घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र. धमनी जिथे दुभंगते तिथेच शरीराचा बीपी मोजणारा नैसर्गिक काटा असतो आणि ऑपरेशनमध्ये नेमका तोच हलतो. म्हणून पहिले दिवस बीपी कधी चढतं, कधी एकदम उतरतं. शिवाय इतके दिवस कमी रक्तावर चाललेल्या मेंदूत एकदम भरपूर रक्त येऊ लागतं. त्यात बीपी वाढलं तर ते झेपत नाही: ऑपरेशनच्या बाजूला डोकं ठणकतं, फिट येऊ शकते, क्वचित रक्तस्रावही होतो. हे बहुधा पहिल्या आठवड्यात होतं, पण महिनाभर लक्ष ठेवावं लागतं.

दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. चहा, तंबाखू किंवा जिना चढून आल्यावर अर्धा तास मोजू नका. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी आणि संध्याकाळी. मला वरचा आकडा 140 च्या पुढे गेला तर फोन करायला सांगितलं होतं. पुढे स्थिरावल्यावर 130/80 च्या आत ठेवायचं ठरलं. आमचं मशीन पहिल्या दिवशी 168 दाखवत होतं. बघितलं तर मी मोजता मोजता टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तर देत होतो.

गोळ्या: इथेच माझी चूक झाली

आधी खुलासा. नागपुरात "मेडिकल" म्हटलं की शासकीय मेडिकल कॉलेजचा दवाखाना डोळ्यासमोर येतो. इथे मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान.

निघताना वॉर्डातून उरलेल्या स्ट्रिप दिल्या होत्या, आणि चिठ्ठीवर मेडिकलमधून नवीन आणल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून दोन्ही घेतल्या. चौथ्या दिवशी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आणि दंडावर निळे डाग. सुनेने सगळ्या स्ट्रिप जेवणाच्या टेबलावर पसरल्या, मोबाइलने अक्षरं मोठी केली आणि वाचायला लागली. एका स्ट्रिपवर क्लोपिडोग्रेल 75, आणि दुसऱ्या कंपनीच्या कॅप्सूलमध्येही क्लोपिडोग्रेल 75, सोबत ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी. म्हणजे क्लोपिडोग्रेल दुप्पट जात होती. डॉक्टरांना फोन केला, एक बंद झाली.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा: ठळक ब्रँडचं नाव सोडायचं, खालचं बारीक नाव वाचायचं. वहीत औषध त्याच नावाने लिहायचं, समोर मिलिग्रॅम, वेळ आणि कशासाठी. आठवड्याचा सात खान्यांचा डबा रविवारी रात्री भरायचा, भरणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी बघायचा. बारीक नावं माहीत असली की जनऔषधी केंद्रात हीच औषधं पुष्कळ स्वस्तात मिळतात.

कोणती गोळी कशासाठी, हे समजलं की ती चुकत नाही. सौम्य झटक्यानंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी बहुधा 21 दिवस देतात. मग त्यातली एक थांबवून दुसरी कायम ठेवतात. कोणती आणि कधी, हे ऑपरेशन करणारे ठरवतात, पण तारीख विचारून वहीत लिहा, कारण आयुष्यभर दोन्ही खात राहणारे लोक मी पाहिलेत. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन, रिपोर्ट नॉर्मल आला तरी सोडायची नाही. ती धमनीतला थर शांत ठेवते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली हवं, आणि ते आलं की नाही हे एक ते तीन महिन्यांत रक्त तपासून बघतात. पिंढऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका.

ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा ईसोमेप्राझोल आपल्या मनाने घेऊ नका, त्याने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. त्याऐवजी पँटोप्राझोल चालतं का ते विचारा. गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घ्यायची सवय विदर्भात घरोघरी आहे. या गोळ्यांवर ती महागात पडते: पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या आड येतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल. दात काढायचा असला तरी ॲस्पिरिन बंद करण्याचा निर्णय दंतवैद्याने एकट्याने घ्यायचा नाही.

हात आणि वाचा

मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, शेजारचा भाग त्याचं काम शिकतो. शिकायला त्याला हजारदा तेच करून दाखवावं लागतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत तो सगळ्यात पटापट शिकतो. फिजिओथेरपिस्टने स्पंजचा चेंडू दिला होता. दोन दिवसांत कंटाळा आला.

मग संत्री सापडली. मार्चमध्ये मृग बहाराचा माल बाजारात असतो. आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणजे सुरुवातीला कमकुवत अंगठ्यालाही जमते. देठापाशी अंगठा खुपसायचा, साल एका तुकड्यात काढायची, फोडी सुट्या करायच्या, मग प्रत्येक फोडीचे पांढरे दोरे चिमटीने ओढायचे. शेवटचं काम सगळ्यात अवघड. पहिल्या दिवशी एका संत्र्याला वीस मिनिटं लागली आणि अर्धा रस सदऱ्यावर. महिनाभरात नातवासाठी दोन संत्री दहा मिनिटांत. (कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही. संत्र्याला ती अडचण नाही.) संत्री संपल्यावर फल्लीच्या शेंगा फोडणं, सांबार (कोथिंबीर) निवडणं, शर्टाच्या गुंड्या. बायको म्हणाली, "आजारी पडले ते बरंच झालं, चाळीस वर्षांत एक काडी नव्हती निवडली."

वाचेसाठी रोज पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचायची. शब्द अडला तर घरच्यांनी लगेच तोंडात घालू नये, दहापर्यंत मोजावं. बोलता येत नसतं तेव्हाही बहुधा समजत बरंच असतं, म्हणून माणसासमोर त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नका. पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते साधं समजू नका, गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर सरळ बसून छोटे घोट.

चालणं पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, दुसऱ्यापासून गल्लीत पायदळ दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी अंबाझरी तलावावर जायला लागलो, सकाळी सहाच्या आत.

मालिशवाले, कबुतराच्या रक्ताने लकवा उतरवणारे, अमुक गावाला नेऊन आणा म्हणणारे, सगळे येतील. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं.

खाणं

पहिले दोन-चार दिवस घसा दुखतो, मऊ खिचडी आणि वरणभात बरा. पुढचा प्रश्न नागपूरचा आहे. तर्री पोहे, सावजी, वडा-भातावर ओतलेलं गरम तेल. मी सावजी कायमचं सोडलं असं खोटं सांगणार नाही, पण तीन महिने लांब राहिलो आणि पुढे खाल्लं तरी तर्री बाजूला काढून. घरात तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर ठरवलं. पाच लिटरचा डबा आणला की झाकणावर तारीख लिहायची, म्हणजे किती दिवस पुरला ते लपत नाही. मीठ दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, एक सपाट चहाचा चमचा. भाजीतलं मीठ आपण मोजतो, पण पापड, लोणचं, कुरडया, फरसाण आणि चिवड्यातलं विसरतो. मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब वेगळा ठेवा.

खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसाला चार पुड्या, तीस वर्षं. सिगारेट ओढत नाही म्हणून मी स्वतःला निर्व्यसनी समजायचो. निकोटीन आत गेलं की बीपी आणि नाडी वाढते, मग ते धुराने जाओ की गालातून. पहिले दहा दिवस भयंकर जातात, चिडचिड घरच्यांवर निघते. मी खिशात बडीशेप आणि भाजलेली जवस ठेवली. पानठेल्याचा रस्ता बदलला, त्याचा फायदा जास्त झाला. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. निकोटीनचं च्युइंगम घ्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. घाम गेला, पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं आणि बीपी उतरतं. त्यात बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी असेल तर उठताना डोळ्यापुढे अंधारी येते. मार्च संपायच्या आतच डॉक्टरांना विचारा की उन्हाळ्यात डोस कमी करायचा का. पाणी समोर भरून ठेवलेल्या बाटल्या मोजून प्यायचं (हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारून), ताक बिनमिठाचं. अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटं काठावर बसायचं. कूलरखालची ओली फरशी पुसून घ्यायची, रक्त पातळ असताना पडणं परवडत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मी अकरा ते पाच घराबाहेर पाय ठेवला नाही.

या गोष्टी झाल्या तर फोनाफोनी नाही, सरळ 108

चेहरा वाकडा होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्याने अचानक न दिसणं, एकदम तोल जाणं. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी जायचंच. शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ घड्याळात बघून लिहा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. चोवीस तास सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. घरी पाणी, साखर, ॲस्पिरिन काहीही देऊ नका. झटका रक्तस्रावाचाही असू शकतो.

ऑपरेशनची म्हणून आणखी दोन. मान झपाट्याने सुजणं, श्वास किंवा गिळणं अवघड होणं: आत रक्त साचून श्वासनळी दबते, मिनिटांचा खेळ असतो. आणि पूर्वी कधी झालं नाही असं डोकं दुखणं किंवा फिट. ताप, चिरेतून पू, वाढती लाली यासाठी त्याच दिवशी डॉक्टर.

मनाचं

दुपारी बाराला माणूस गळून जातो, दहा तास झोपूनही. हा आळस नाही, झटक्यानंतरचा थकवा आहे आणि तो काही महिने राहू शकतो. पाहुणे सकाळी बोलवा, अर्धा तास पुरे. मला टीव्हीवरच्या जाहिरातीला रडू यायचं. साधारण दर तिघांत एकाला झटक्यानंतर नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. दोन आठवडे झोप, भूक, रस गेलेला असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता सांगा.

बँकेतही जाऊन या. माझी सही जुळेना, चेक परत आला. खातं जोडीने करून घेतलं आणि आताच्या नव्या सहीचा नमुना दिला.

फॉलोअप

ऑपरेशनने मानेतली एक जागा मोकळी झाली, दुसऱ्या बाजूची धमनी आणि हृदयाच्या धमन्या त्याच शरीरातल्या आहेत. म्हणून मानेचा डॉप्लर, म्हणजे धमनीतलं रक्त कसं वाहतं ते बघणारी सोनोग्राफी, दोन्ही बाजूंचा करतात. माझा पहिला सहा आठवड्यांनी झाला, डावी बाजू मोकळी, उजवी 40 टक्के. दुसरा सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. ईसीजी, इको आणि नाडी अनियमित आहे का ते बघणारी तपासणी राहिली असेल तर आठवण करून द्या. सख्ख्या भावंडांनाही बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासायला सांगा. माझ्या धाकट्या भावाचं बीपी 170 निघालं आणि त्याला काहीच त्रास नव्हता.

दुसऱ्या डॉप्लरची तारीख नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती. त्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत महालातून ऑटो निघणं कठीण, म्हणून दोन दिवस पुढची मागून घेतली.